कोब्याखालच्या फळ्या

"ही भोकं माझ्या कोंबड्यांनी पाडलीत," गेनिया म्हणाली आणि थर्माकोलच्या फळीच्या कडेला पडलेल्या खड्ड्यात तिने बोट घातलं. "ही बघ. ही बघ. आणि हा सबंध कोपरा लंगडीने खाल्लाय. तिची चोच वाकडी आहे, तिचा टवका तिरपाच निघतो."

मारियान मिस्त्री गुडघ्यांवर बसून लाल नळी फळ्यांवर अडकवत होता. नळीचं टोक तसंच हातात धरून त्याने मान वर केली.

"काकू, कोंबड्या काय सगळ्या गावात तुमच्या एकटीच्याच आहेत?"

"थर्माकोल खायला दुसऱ्या कुणाच्या कोंबड्यांना मिळालं, ते सांग. फादरांच्या? फादर तर अंडी माझ्याकडून नेतात."

मारियानचे दोन गडी खाली मान घालून हसले. मारियानने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ते कामाला लागले.

ही फादर सेवेरिन यांच्या घरातली पुढची खोली होती, चर्चचं ऑफिस. गेनिया आली होती नवऱ्याच्या प्रकृतीसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायला. दार उघडलं तर पाय ठेवायला जमीन नाही. निम्म्या खोलीत थर्माकोलच्या राखाडी फळ्या, त्यावर चकचकीत कागद आणि त्यावर गोगलगाईच्या शंखासारखे लाल नळीचे वेढे. उरलेल्या फळ्या दाराशी रचून ठेवलेल्या. ज्या फळ्या दोन-अडीच महिने मारियानच्या गोदामात सुरक्षित आहेत असं ती समजून चालली होती, त्याच.

वोल्का गावात गेनियाला सगळे ओळखत होते आणि निम्मे जण तिला वचकून असत. सरकारी दूध संकलन केंद्रावर तिने उभी हयात काढली होती. रोज सकाळी गावातल्या घागरी तिच्यासमोर रांगेत उभ्या राहायच्या आणि ती प्रत्येकीत दूध तपासायची नळी बुडवायची. पाणी घातलेलं दूध ती परत पाठवायची, मग ते सरपंचाचं असो की तिच्या सख्ख्या जावेचं. दुधात पाणी घालणारा माणूस कसा बोलतो हे तिला पाठ झालं होतं. तो आधी हसतो, मग म्हणतो गाय आजारी आहे, आणि शेवटी म्हणतो सगळेच घालतात.

"अहो, त्या काय तुमच्याच फळ्या राहिल्या का?" मारियान हसत म्हणाला. "फळी ती फळी. एक गेली, दुसरी येईल."

हसून झालं होतं. गाय आजारी पडायची बाकी होती.

"कारखान्याकडूनच माल येत नाहीये, काकू. मी तरी काय करू?"

पडली एकदाची.

* * *

हा सगळा प्रकार सुरू झाला तेओफिलच्या छातीपासून. तेओफिल म्हणजे गेनियाचा नवरा. वीटभट्टीवर जन्म घालवलेला, अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हातारपणी त्याची फुप्फुसं बसली. घरात कोळशाची शेगडी, भाजलेल्या मातीच्या लाद्यांनी बांधलेली, छतापर्यंत उंच. तिचा धूर त्याला सोसेना. आणि घराची जमीन म्हणजे नुसत्या मातीवर ओतलेला सिमेंटचा थर. वोल्का दलदलीच्या काठावर. हिवाळ्यात ती जमीन पायांतून वर चढायची, मोज्यांवर मोजे घातले तरी. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा आणि ओल बंद करा, नाहीतर मला बोलावू नका.

मुलगी दोरोता नॉर्वेत. तिने तिकडूनच सगळं ठरवलं. अनुदान मिळतंय, शेगडी काढा, विजेवर पाणी तापवणारा हीट पंप बसवा, जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवा. फोनवर ती रोज नवी सूचना द्यायची. उंटावरून शेळ्या हाकायला काही कष्ट पडत नाहीत. पण पोरीची काळजी खरी होती आणि सल्लाही चुकीचा नव्हता, म्हणून गेनिया गप्प राहिली.

मारियान द्रोझ्द आला, त्याने जमिनीवर टाच आपटून पाहिली.

"ही सगळी खणून काढायची, काकू. खाली खडी-वाळू, त्यावर कच्चं काँक्रीट, त्यावर थर्माकोलच्या फळ्या, त्यावर नळ्या, मग कोबा. फळ्या सगळ्यात महत्त्वाच्या. त्या नसल्या तर पाणी कितीही तापवा, ऊब सगळी खाली. तुम्ही इथं कुडकुडाल आणि जमिनीतले उंदीर मजा मारतील."

"किती दिवस?"

"दोन आठवडे. बाकी काही बोलू नका."

अनुदानवाल्यांना मोडलेल्या शेगडीचा फोटो हवा होता, म्हणून सप्टेंबरात आधी शेगडी फोडली. ज्या शेगडीवर गेनियाने दोरोताची दुपटी वाळवली होती ती शेगडी दोन गड्यांनी दुपारपर्यंत अंगणात नेऊन टाकली. मग जमीन खणली. दोन्ही खोल्या गुडघाभर खोल गेल्या. दारातून आत उतरायला लाकडी खोकं लागू लागलं. धुळीत तेओफिलला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला तालुक्याच्या गावी शुश्रूषागृहात पोचवलं. दोन आठवड्यांसाठी. गेनियाने आपली खाट धान्याच्या कोठीत टाकली आणि शेजारच्या यानिनाकडून विजेची छोटी शेगडी मागून आणली.

फळ्या आल्या. अंगणात छपराखाली रचल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या कोंबड्या तिथे पंगतीला बसलेल्या. थर्माकोलमध्ये त्यांना काय चव लागते कुणास ठाऊक, पण समोरचे दाणे टाकून त्या टक टक टक फळ्या खात होत्या. गेनियाने ताडपत्री घातली, त्यांनी ताडपत्रीखालून वाट काढली.

तेव्हा मारियान देवदूतासारखा धावून आला. "काकू, एवढ्यात काही उरायचं नाही याचं. मी माझ्या गोदामात ठेवतो. काँक्रीट सुकलं की आणून टाकतो."

गेनियाने त्याला गाडीत फळ्या चढवायला मदत केली. वर आणखी मुरवलेल्या अळंब्यांची बरणी दिली आणि म्हणाली, देव तुझं भलं करो. चोराच्या हाती किल्ल्या देऊन वर त्याची दृष्ट काढायची बाकी ठेवली होती.

त्यानंतर मारियान फोनवर भेटू लागला. कधी काँक्रीट ओलं होतं, कधी मशीन बिघडलं होतं, कधी गड्याच्या बहिणीचं लग्न होतं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. बुधवारच्या बसने गेनिया तेओफिलकडे जायची. तो पलंगावर टोपी घालून बसलेला असायचा. बॅग भरलेली, पायाशी.

"झाली फरशी?"

"होत आली."

"मग टोपी काढत नाही," तो म्हणायचा.

आणि गेल्या रविवारी तर कहर झाला होता. मिस्सा संपल्यावर फादरांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला साक्षात बिशप आपल्या गावी येत आहेत, त्याआधी ऑफिसची ओल काढून नवी गरम फरशी घालायची आहे, आणि आपले बंधू मारियान द्रोझ्द यांनी त्यासाठी लागणारं साहित्य स्वतःच्या पदरचं दान केलं आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार! लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या बाकावर बसलेल्या गेनियानेही डोलावली. त्या आठवणीने आता तिचे कान तापले.

* * *

"काय झालं, गेनियाबाई?" फादर सेवेरिन दारात येऊन उभे राहिले. तरुण माणूस, बोलणं मऊ, हातात चहाचा ग्लास.

"फादर, तुम्ही ज्या दानाबद्दल यांचे आभार मानलेत ना, ते दान माझं आहे. मी केलेलं नाही, पण माझं आहे."

फादरांनी मारियानकडे पाहिलं. मारियान जमिनीकडे पाहू लागला.

"तात्पुरत्या घेतल्यात, फादर. यांच्या परत भरून देणारच आहे मी. नव्या वर्षात. आणि तसं बघितलं तर सगळेच मिस्त्री करतात असं. या घरचं त्या घरी, त्या घरचं या घरी. धंदा असाच चालतो."

सगळेच घालतात. गेनियाने मनात घागर बाजूला काढून ठेवली.

"मला खरंच कल्पना नव्हती," फादर म्हणाले.

"आता आली ना?"

"हो, पण..." त्यांनी ग्लास खिडकीत ठेवला. "गेनियाबाई, उद्या सकाळी कोब्याचा माल येतोय. उद्या ओतला नाही तर सणापर्यंत तो सुकणार नाही. बिशपांना मी काय उघड्या नळ्यांवर बसवू? थोडं समजून घ्या. हे काही मारियानचं घर नाही, देवाचं काम आहे. तुम्ही इतके दिवस धीर धरलात, अजून थोडा धरा. त्याचं फळ देव देईल."

गेनियाने आयुष्यात कधी पाद्र्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की पाद्री समोरून आला तर रस्ता सोडायचा. पण तेओफिल तिकडे टोपी घालून बसला होता आणि हा गरम चहा पिऊन धीर वाटत होता.

"फादर, देवाला थंडी वाजते का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"माझ्या नवऱ्याला वाजते. देवाला वाजत असली तर मी काही बोलत नाही, ठेवा फळ्या."

फादर लाल झाले. "असं बोलू नये, गेनियाबाई."

"मग मला माझ्या फळ्या द्या."

"उद्या कोबा ओतायचाय, काकू!" मारियान ओरडला. "निम्म्या नळ्या बसवून झाल्या! एकदा कोबा पडला की खाली कुणाचं काय होतं ते सात पिढ्यांत कुणाला दिसणार नाही. कशाला उगीच गावभर?"

हे मात्र त्याने बोलायला नको होतं. गेनियाने कोटाच्या बाहीला लागलेले थर्माकोलचे दाणे झटकले, मिस्सा न सांगताच ती बाहेर पडली आणि घरी न जाता सरळ यानिनाकडे गेली.

यानिना तिची शेजारीण, तिच्याच वयाची, विधवा आणि ट्रॅक्टर चालवणारी. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मेल्याला पोलिसात दे."

"पोलीस येईस्तोवर कोबा दगड होईल."

"मग काय करणार आहेस?"

"तू फक्त उद्या ट्रॉली घेऊन ये," गेनिया म्हणाली. "बाकी मी बघते."

* * *

नाताळाआधीच्या दिवसांत वोल्कात पहाटेची मिस्सा असते. लोक कंदील घेऊन अंधारात चर्चला येतात आणि उजाडताना बाहेर पडतात. त्या दिवशी लोक बाहेर पडले तर फादरांच्या अंगणात काँक्रीटची मोठी गाडी उभी, पोट गरागरा फिरवत. आणि ऑफिसच्या मधोमध, लाल नळ्यांच्या वेढ्यात, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर गेनिया. अंगात लांब कोट, डोक्याला रुमाल, हातात जपमाळ. स्टुलाच्या पायांखाली तिने लाकडाचे तुकडे ठेवले होते, नळ्या चेपायला नकोत म्हणून.

"काकू, उठा," मारियान म्हणाला. "तमाशा पुरे."

"उठते की. फळ्या उचल, मी उठते."

"हात धरून उठवीन हां."

"धर."

मारियानने मागे बघितलं. दारात बायका जमल्या होत्या, त्यांच्या मागे पुरुष. एवढ्या लोकांसमोर सत्तरीच्या बाईचा हात धरायची त्याची छाती झाली नाही.

"अगं गेनिया, शोभतं का हे?" गर्दीतून एक बाई म्हणाली. "बिशप यायचेत!"

"हिला पहिल्यापासून खोडच आहे," एक म्हातारा शेतकरी म्हणाला. त्याची घागर तिने तरुणपणी दोनदा परत पाठवली होती. "सगळ्यांचं दूध नासकं, हिचंच तेवढं सायीचं."

"तुझं नासकं नव्हतं, पातळ होतं," गेनिया म्हणाली. लोक हसले.

गाडीचा ड्रायव्हर आत डोकावला. तो परगावचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "आजी, माल आवळत चाललाय. अजून तासभर असाच फिरवला तर टाकीत दगड होईल. मालक माझी कातडी सोलेल."

"बाळा, तुझा दोष नाही. पण मी उठणार नाही."

तेवढ्यात फादर सेवेरिन मिस्साचे कपडे उतरवून घाईघाईने आले. ते तोंड उघडणार, एवढ्यात गेनियाने क्रूसाची खूण केली आणि खणखणीत आवाजात जपमाळ सुरू केली.

"नमो मारिये, कृपापूर्णे..."

आणि दारातल्या बायकांनी, ज्या तिला बोल लावायला आल्या होत्या त्यांनी, पुढचं अर्धं म्हटलं. न म्हणून करतील काय? जन्मापासूनची सवय. एकीने सुरू केलं की दुसरीच्या तोंडून पुढचं आपोआप येतं. पुरुषांनी टोप्या काढल्या. सुरू असलेली जपमाळ तोडायची म्हणजे पाप, आणि तेही पाद्र्याने? फादर हात जोडून उभे राहिले. मारियानलाही टोपी काढावी लागली. ड्रायव्हर बाहेर जाऊन टाकी फिरते का ते बघायचा, परत यायचा, बायका अजून म्हणतच असायच्या.

एक माळ संपली. फादरांनी घसा साफ केला. "गेनियाबाई, आता..."

"ही माझ्या नवऱ्यासाठी झाली," गेनिया म्हणाली. "आता बिशपसाहेबांसाठी."

आणि तिने दुसरी सुरू केली.

बिशपांच्या नावाने म्हटलेल्या माळेला कोण आडवा येणार? बायकांचा आवाज पहिल्यापेक्षा वाढला. यानिना तर मुद्दाम गात होती. दुसऱ्या माळेच्या मध्यावर ड्रायव्हरने बाहेरून आरोळी दिली, "मी चाललो ओतायला! कुठं ओतू ते सांगा, नाहीतर रस्त्यावर ओततो!" आणि कुणी काही सांगायच्या आत त्याने सगळा माल चर्चच्या मागच्या चिखलाच्या वाटेवर सोडून दिला. ती वाट पुढे गावाला फार उपयोगाची झाली, ते वेगळं.

मारियानने नळ्या कापायची कात्री भिंतीवर फेकली. "न्या! न्या तुमच्या फळ्या! न्या आणि घाला घशात!"

गेनियाने हातातला मणी पूर्ण केला, क्रूसाची खूण केली आणि मग बोलली.

"मी नाही नेणार. तू आणल्यास, तूच न्यायच्या. आणि घशात नाही, माझ्या घरात घालायच्या. नीट. आणि यांच्या देखत सांगते, पुढच्या रविवारी त्या दानाचं काय ते फादरांनी व्यासपीठावरून सांगायचं."

फादर सेवेरिन पुढे झाले. मग त्यांनी स्वतः वाकून एक नळी सोडवायला घेतली. त्यांना ती जमेना. गड्यांपैकी एकाने ती त्यांच्या हातातून घेतली.

* * *

मारियानने काम चांगलं केलं, हे गेनियाने कधी नाकारलं नाही. माणूस लबाड होता, पण हात लबाड नव्हते, आणि याचाच तिला जास्त राग यायचा. हातात कसब असून माणूस असं का वागतो? त्याने ओल अडवणारा कागद भिंतीपर्यंत वर चढवला. फळ्यांचे दोन थर घातले, खालच्या थराचा सांधा वरच्याच्या सांध्याखाली येणार नाही असे. कोंबड्यांनी खाल्लेले तुकडे कापून टाकले आणि त्यांच्या जागी नव्या फळ्या स्वतः आणून बसवल्या, कुणी न सांगता. गेनिया दारातल्या खोक्यावर बसून बघत राहायची. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत.

कोबा नाताळाच्या आधी पडला. पण कोबा म्हणजे काही भाकरी नव्हे की तव्यावर टाकली आणि झाली. तीन-चार आठवडे तो नुसता पडू द्यायचा, आणि मग हळूहळू, रोज थोडं थोडं ऊन पाणी सोडायचं, नाहीतर तडकतो. मारियानने जे ऑक्टोबरात करायचं ते डिसेंबरात केलं होतं, आणि आता घाई करायला वाव नव्हता. दोरोता फोनवर रडली. गेनिया रडली नाही. ती चिडली होती आणि चिडलेल्या माणसाला रडायला सवड नसते.

तीन राजांचा सण आला. बिशप आले, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये बसले, बदकाचं सूप दोनदा मागून घेतलं आणि गेले. फरशीचं त्यांनी विचारलंही नाही.

जानेवारीच्या मध्याला गेनियाने पहिल्यांदा पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी कोब्याला हात लावला तर थंड नव्हता. तिसऱ्या दिवशी मांजर खोलीच्या मधोमध आडवं पसरलं. बुधवारची वाट न बघता तिने बस पकडली.

तेओफिल पलंगावर आडवा होता. टोपी उशाशी होती. त्याला ताप होता आणि छातीत घरघर. नर्स म्हणाली, दोन दिवसांपासून आहे, न्यूमोनिया असेल, रुग्णालयात हलवतोय.

"फरशी गरम झाली," गेनिया त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "ऐकतोयस का? झाली. पुढच्या आठवड्यात नेते तुला."

त्याने डोळे उघडले. "अनवाणी चाललीस?"

"नाही. तू आल्यावर चालीन."

"येडी," तो म्हणाला. हसायला गेला तर खोकला आला.

शनिवारी रुग्णालयातून फोन आला.

* * *

त्याला घरी आणायचं आणि घरातूनच न्यायचं, हे गेनियाने ठरवलं होतं. तालुक्याच्या गावी शवागाराची सोय होती. दोरोताही म्हणाली, आई, दगदग कशाला? पण चार महिने त्या माणसाने घरी जायचंच विचारलं होतं. गेनिया कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

शवपेटीवाला आदल्या दिवशी येऊन खोली बघून गेला. आत आला तसा थबकला आणि त्याने कोटाची बटणं सोडली.

"इथं ठेवायचं? बाई, ही खोली फार गरम आहे. एक रात्र काढायची तर अगदी गार हवी. बंद करा हे."

भिंतीतल्या पेटीत प्रत्येक नळीला छोटी चावी होती. यानिना पुढे झाली, पण गेनियाने तिला हाताने मागे सारलं आणि त्या खोलीची एकेक चावी स्वतः फिरवली. मग खिडक्या सताड उघडल्या. बाहेर हाडं फोडणारी थंडी होती. तरी फरशी निवेना. फळ्यांनी ऊब खाली जाऊ दिली नव्हती आणि कोब्याने ती धरून ठेवली होती. संध्याकाळ झाली, भिंती गारठल्या, खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या गारठल्या, पण फरशी कोमटच. गेनिया सारखी वाकून हात लावून बघायची. सगळी रात्र खिडक्या उघड्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी दगडासारखी गार झाली, तेव्हा तेओफिलला आत घेतलं.

तिन्हीसांजेला गाव जमलं. बायका कोट न काढता भिंतीकडेने बसल्या. फादर सेवेरिन आले, प्रार्थना म्हणून गेले. नाताळाआधीच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून त्या दानाबद्दल सांगितलं होतं, आडवळणाने का होईना. मारियान द्रोझ्द सगळ्यांत शेवटी आला. काळा सूट, हातात मेणबत्ती. दारात बूट काढून तो मोज्यांवर आत आला. शवपेटीशी येऊन त्याने गुडघे टेकले, आणि टेकताक्षणी त्याचा चेहरा बदलला. त्याने मेणबत्ती खाली ठेवली आणि तळहात फरशीवर दाबला. मग थोडा सरकून दुसरीकडे दाबला. मग भिंतीच्या कडेला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "ही तर साफ गार आहे. कुठेतरी हवा अडकली असेल नळीत. उद्या येऊन बघतो. नाही, आत्ताच बघतो, चाव्यांची पेटी उघडतो."

बायका जपमाळ थांबवून त्याच्याकडे बघू लागल्या. गेनिया खुर्चीवरून उठली नाही.

"काही बिघडलेलं नाही, मारियान. मीच बंद केलंय. त्याला ठेवायचं म्हणून."

मारियानचा हात फरशीवरच राहिला.

"काम चांगलं झालंय," गेनिया म्हणाली. "उशिरा झालं, एवढंच."

मारियानला उठायला वेळ लागला. तो उठून, पाठीमागे न बघता, बूट हातात घेऊनच बाहेर गेला. जाताना त्याने दार नीट लोटलं नव्हतं आणि स्वयंपाकघरातली ऊब त्या फटीतून खोलीत येऊ लागली. गेनिया उठली, तिने दार घट्ट ओढून घेतलं, आणि खालच्या फटीला आपला रुमाल लावून ती परत तेओफिलच्या उशाशी जाऊन बसली.